उतारा पचवलेली बाई

१९ नोव्हेंबर २०१२, सोमवार. दुपारी अंगणवाडीतून आल्यापासून लिंबं चिरते आहे. दोन टोपली लिंबं, एक विळी आणि माझ्या बोटाला एक चीर. लिंबाचा रस नेमका त्या चिरेतच जातो. लोणचं घालायचं तर आजच, कारण झाडाखाली पडलेली लिंबं सडायला लागली आहेत आणि गावातलं कोणी त्यांना हात लावत नाही. झाड माझ्या नणंदेचं. नणंद गेल्या महिन्यात वारली. देव मानत नाही, भूत मानत नाही आणि तरी राजरोस टोनही म्हणवून घेते, अशी बाई अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच झाली, आणि ती मला सासरच्या इतर सामानाबरोबर आयती मिळाली.

टोनही म्हणजे चेटकीण. शब्द मूळचा आमचा नाही. छत्तीसगडच्या सुनांनी तो माहेराहून आणला आणि गावाने ठेवून घेतला. नणंदेला घरात सगळे मोठीबाई म्हणत. माझा नवरा, ज्याला सारं गाव आणि गावाच्या नादाने मीही गुरुजीच म्हणते, त्याची ती थोरली बहीण. नव्व्याण्णव साली नवरा वारल्यावर ती परत माहेरी आली. सोबत एक लोखंडी पेटी, लिंबाचं एक रोप आणि एक काळा कोंबडा. आमच्या परसामागची खोली तिने घेतली. मध्ये कमरेएवढी भिंत. उंच, काटकुळी, चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे दोरा बांधलेला, आणि बारा महिने पोपटी लुगडं. टोनहीने काळं नेसावं अशी लोकांची अपेक्षा असते. हिच्याकडे काळा होता तो फक्त कोंबडा. तो भर दुपारी आरवायचा. हिने तो कशासाठी पोसला असेल आणि कोणत्या अवसेला त्याचा नंबर लागेल, यावर गावात कैक वर्षं चर्चा चालली. शेवटी कोंबडा म्हातारा होऊन, आंधळा होऊन, एका सकाळी आपणहून मेला. लोकांची फार निराशा झाली.

ती टोनही कशी झाली ते आधी सांगायला हवं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. आमचं घर बौद्ध. आजेसासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव टोपलीत भरले आणि बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, सोडून दिले. त्या घरातले आमचे गुरुजी. तेव्हा गावोगाव जाऊन अंधश्रद्धेवर भाषणं देत. बोलत छान. नवेगाव बांधपर्यंत त्यांना बोलावणी येत. मोठीबाई आली त्याच्या दोनेक वर्षांनी आपल्याच गावात, शाळेच्या पटांगणात, त्यांचं भाषण होतं. विषय उतारा. आजारी माणसावरून ओवाळून लोक चौरस्त्यावर लिंबू, नारळ, भात ठेवतात आणि तो ओलांडायलाही घाबरतात, तो उतारा. गुरुजी म्हणाले, नारळ हा नारळच असतो, चौरस्त्यावर ठेवल्याने त्याच्यात काही शिरत नाही. टाळ्या पडल्या. तेवढ्यात आमचा किराणावाला, ज्याला कोणतीही सभा सुखाने संपलेली आवडत नाही, एका कागदावर कुंकू फासलेला नारळ घेऊन पुढे आला. सकाळीच कोणाच्या तरी पोराकडून चौरस्त्यावरचा उचलून आणवला होता.

"गुरुजी, भाषन तो हो गया," तो म्हणाला. "अब परसाद खा के दिखाव."

गुरुजींनी नारळ हातात घेतला. नारळात पाणी किती असतं, तेल किती असतं, याबद्दल चार वाक्यं बोलले. मग चष्मा काढून पुसला. मग पुन्हा नारळाकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून मोठीबाई उठली, तरातरा चालत गेली, त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि म्हणाली, "आन इकडे. मले भूक लागली." झेंड्याच्या ओट्यावर आपटून तिने तो फोडला, उभ्या उभ्या अर्धा खाल्ला, उरलेला लोकांपुढे केला. एकानेही हात पुढे केला नाही. ती सगळ्यांकडे पाहत म्हणाली, "देव तं सोडला बापा तुमी. भेव कवा सोडसान?"

ती बोलली गावाला. गुरुजींना ते आपल्यालाच लागलं. किराणावाला हसत हसत म्हणाला, "गुरुजीसे तो बहन भारी निकली!" आणि पटांगण हसलं. घरी आल्यावर गुरुजी जेवले नाहीत. पाटावर बसून एवढंच म्हणाले, "मी खाणारच होतो." त्या दिवसापासून ते बहिणीशी बोलले नाहीत.

गाव तिकडे तिच्या मरणाची वाट पाहत होतं. ती मेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हापशीवर पाणी भरायला आली आणि नंबरावरून भांडलीसुद्धा. आता यातून सरळ अर्थ काय निघतो? उताऱ्यात काही नसतं, हा. गावाने काढलेला अर्थ असा, की उतारा पचवते त्या बाईच्या पोटात उताऱ्याहून मोठं काहीतरी असलं पाहिजे. आठवड्याच्या आत ती टोनही झाली. भाषणाने जे सिद्ध करायचं होतं त्याच्या बरोबर उलट सिद्ध करून ती मोकळी झाली. मी तिला म्हटलं, "मोठीबाई, चिडत नाही का तुम्ही?" तर म्हणाली, "कायले चिडू व? टोनहीले चार कामं तरी येतेत. विधवेले कोनी काम सांगते का?"

आणि कामं खरंच आली. पहिल्यांदा चोरून, मग उघड. तिची पद्धत अगदी साधी होती आणि त्यात मंत्र कुठेच नव्हता. "देव नाही, भूत नाही," ती येणाऱ्या बाईला बसवून आधीच सांगायची, "पन पोटात गोळा हाय ना? तो कोठी ठेवशीन?" मग तांब्याभर पाणी हातात द्यायची आणि लिंबाच्या झाडाकडे बोट दाखवायची. पोटात असेल ते पाण्याला सांगायचं आणि पाणी झाडाला घालायचं. पाण्यालाच का, असं मी एकदा विचारलं. "पान्याले काही समजत नाही," ती म्हणाली, "म्हनून त्याले सांगाचं. समजनारे सगळे गावभर सांगतेत." दोनच नियम होते. पाणी घरून आणायचं, हीच तिची फी. आणि पाण्याला सांगितलेलं दुसऱ्याने ऐकायचं नाही. चुकून कानावर पडलंच तर तिथेच सोडायचं. कोणी आलं की ती स्वतः खोलीत जाऊन मोठमोठ्याने भांडी आपटत बसायची, म्हणजे ऐकू येऊ नये. लोकांना वाटायचं आत काही विधी चालला आहे. ते झाड असं फोफावलं, की कृषीखात्याचा एक माणूस येऊन कोणतं खत घालता म्हणून विचारून गेला. ती म्हणाली, "सासवा."

लिंबाचाही तिच्याकडे उपयोग होता. दुसरे लोक लिंबू कापून फेकतात, हिला ते पाहवत नसे. ती लिंबू कापायची, त्रास देणाऱ्याचं नाव घेऊन करकचून पिळायला लावायची, आणि त्यात साखर-मीठ घालून पिळणारीलाच प्यायला द्यायची. अवसेच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन चौरस्त्यावर जायची आणि सारे उतारे गोळा करून आणायची. लिंबं धुऊन सरबताला, नारळ चटणीला. आपला उतारा टोनहीच्या चटणीत जातो म्हटल्यावर लोकांनी तिथे ठेवणंच बंद केलं. जो चौरस्ता गुरुजींच्या भाषणांनी साफ झाला नाही तो हिच्या जिभेच्या चवीने झाला. गुरुजींना हे सांगावं की नाही ते मला कळेना. सांगितलं नाही तरी ते रोज त्याच रस्त्याने सायकलवरून जात होते.

एका सासूचं उदाहरण देते. बोलायला लागली की सुनेचं माहेर, माहेरचं माहेर, सगळं धुऊन काढणारी बाई. पुढे तीच कंटाळून आली, म्हणाली, मले थांबता येत नाही. मोठीबाईने तिला मिठाचा खडा दिला. राग आला की जिभेवर ठेवायचा, विरघळेपर्यंत बोलायचं नाही. महिनाभर छान चाललं, मग बाईला रक्तदाब निघाला, डॉक्टरने मीठ बंद केलं. मोठीबाईने खडीसाखर दिली. पुढच्या पावसाळ्यात साखरही निघाली. मग तिने विचार करून चिंचोका दिला. चिंचोका विरघळत नाही. ते घर आज गावातलं सर्वांत शांत घर आहे.

आणि सौंदडचा तो माणूस. त्याची वडिलांकडून आलेली थोडी धानाची बांधी, म्हणजे भातशेती, आमच्या शिवारात होती, भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद चालला होता, म्हणून सातबाराचा उतारा काढायला आला. तलाठी जागेवर नव्हता. किराणावाल्याला त्याने विचारलं, "उतारा कोठी भेटन जी?" किराणावाल्याने सरळ आमच्या परसाकडे हात केला. तो आला, मोठीबाईने बसवलं, तांब्या दिला, कोणावर राग आहे ते विचारलं. त्याला वाटलं, तलाठ्याकडे अशीच चौकशी होत असेल. भावाची सारी हकीकत त्याने झाडाला उभं राहून सांगितली, नाव घेऊन लिंबू पिळलं, सरबत प्यायला, डोळे पुसले आणि निघताना म्हणाला, "बाई, सही-शिक्का?" मोठीबाई हसून हसून खाली बसली. तो मात्र खरा उतारा न काढताच परत गेला. पुढच्या हंगामात दोघे भाऊ मिळून तिच्यासाठी चिन्नोर तांदूळ घेऊन आले. त्या दिवशी ती तांदूळ निवडताना मधेच थांबली आणि भिंतीपलीकडे पाहत राहिली. तिकडे गुरुजी सायकलचं पंक्चर काढत होते. दोघांत दहा पावलंही नव्हती.

बोलत नव्हते म्हणजे निरोप बंद होते असं नाही. सगळे निरोप माझ्यामार्फत. "तुझ्या नवऱ्याले सांग, खोकला जुना झाला, दाखव म्हना." "तुझ्या नणंदेला सांग, खोलीच्या छपरावरची कवेलू सरकली आहेत, माणूस पाठवतो." दोघेही एकमेकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलायचे आणि मी मध्ये उभी राहून तेच पुन्हा म्हणायचे. एकदा मी सरळ म्हटलं, मी काही पोस्ट ऑफिस नाही, तुमचं तुम्ही बोला. त्यावर दोन दिवस निरोपही थांबले आणि तिसऱ्या दिवशी कवेलू गळायला लागली, तेव्हा मला परत कामावर घेतलं. तिच्या झाडाखाली जावा जोडल्या गेल्या, बापलेक जोडले गेले. भिंतीच्या या बाजूला मात्र तिचा काही इलाज चालला नाही, कारण गुरुजी तांब्या घेऊन येणं शक्यच नव्हतं. "जादूटोणा," ते म्हणायचे, "माझ्याच घरात!" मी म्हणायचे, अहो, ती पण तेच मानते जे तुम्ही मानता. ते म्हणायचे, "मग मला का नाही सांगत?"

टोनही म्हणवून घेणं ही आमच्याकडे गंमतीची गोष्ट नाही. गंमत कोणत्याही दिवशी फिरते. एका उन्हाळ्यात गावातल्या एका लेकराला तापात झटके आले आणि भर दुपारी त्याचा बाप चार माणसं घेऊन तिच्या अंगणात आला. हातात काठ्या होत्या. मी भिंतीजवळ धावले.

"बाई, आमच्या लेकराले सोड," बाप म्हणाला.

"मी धरलं कोठी? दवाखान्यात नेलं का?"

"नाही."

"मंग इथी काऊन उभा हायेस? जीप आन!" ती अशी ओरडली की काठ्या खाली झाल्या. पदर खोचून तीच जीपमध्ये बसली, लेकरू मांडीवर घेतलं, नवेगावच्या दवाखान्यापर्यंत ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत गेली. लेकरू वाचलं. गाव म्हणालं, तिनेच धरलं होतं, तिनेच सोडलं.

त्या दुपारी मी मागे वळून पाहिलं तर गुरुजी माझ्या पाठीमागे उभे होते. चेहरा पांढरा पडलेला, आणि हातात सायकलचा पंप, दोन्ही मुठींत धरलेला, काठीसारखा. जीप गेल्यावरही त्यांनी तो खाली ठेवला नाही. संध्याकाळी मोठीबाई परत आली ती मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याले सांग, पंपानं मारत नसतेत. हवा भरतेत." बोलताना तिचं तोंड कसं फुललं होतं! मी आत जाऊन निरोप सांगितला. गुरुजी म्हणाले, "मी सायकलच पाहत होतो."

तिने स्वतःचा इलाज कधी केला का, असं मला वाटायचं. केला. रोज सकाळी, सगळ्यांच्या आधी, ती स्वतः तांब्या घेऊन झाडाशी उभी राहायची. एकदा मी भिंतीपलीकडची गवरी घ्यायला वाकले होते आणि माझ्या कानावर पडलं. नियमाप्रमाणे मी ते तिथेच सोडलं. गुरुजींनाही सांगितलं नाही. आता ती नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. ती पाण्याला सांगत होती, "मी उठली कायले? आनखी एक घडी बसून राहिली असती तं त्यानं खाल्ला असता. लहानपनी विहिरीत उडी माराले बी त्याले वेळच लागे. काठावर उभाच राहे. पन मारे. मारेच." मग तांब्या उपडा केला आणि झाडू घेऊन अंगणाला लागली. इतकी वर्षं ती रोज एकच गोष्ट सांगत होती की त्या दिवशीच, ते मला माहीत नाही. झाडाच्या बुंध्याशी तेवढा एक खड्डा मात्र इतरांपेक्षा खोल आहे.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. दवाखान्यात गुरुजी बाहेरच्या बाकावर बसले. आत या म्हटलं तर म्हणाले, येतो, आधी चहा घेऊन येतो. ते चहा घेऊन आले तेव्हा ती गेली होती. तो चहा त्यांनी कोणालाच दिला नाही, स्वतः प्यायले नाहीत, कप हातात धरून गार होऊ दिला. पुण्यानुमोदनाला विहारात गाव लोटलं. ज्या बायांनी तिला टोनही म्हटलं त्या सर्वांत जास्त रडल्या, आणि चिंचोकेवाली सासू तर चिंचोका तोंडात ठेवूनच रडत होती. गुरुजी बोलायला उभे राहिले. एवढी भाषणं दिलेला माणूस. म्हणाले, "माझी मोठी बहीण," चष्मा काढला, पुसला, आणि बसले.

तेव्हापासून ते शाळेतून येतात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. निरोप येत नाहीत. परवा त्यांनी मला विचारलं, "ती माझ्याबद्दल कधी काही म्हणाली का?" माझ्या तोंडावर आलं होतं. पण नियम तिचा होता, आणि दुसरं म्हणजे, काठावर उभा राहणारा माणूस नेहमी उडी मारतोच असं तिला वाटत होतं. त्या दिवशी खरंच मारली असती का, ते फक्त त्यांनाच माहीत आहे. हे ओझं त्यांना द्यावं की नको, ते मला ठरवता येईना. मी म्हटलं, "खोकला दाखवा म्हणत होत्या." आणि आज लिंबं चिरायला बसले. चिरता चिरता दोन बरण्या भरल्या, मीठ चोळलं, टोपल्या धुऊन पालथ्या घातल्या. झाडावर अजून तेवढीच आहेत.

२० नोव्हेंबर, मंगळवार. आज सकाळी मी तांब्या भरला आणि गुरुजींच्या हातात दिला.

"हे काय?"

"पाणी. झाड वाळून राहिलं जी. घालून या."

ते तांब्याकडे पाहत राहिले. चष्मा पुसायला हात वर गेला, पण तांब्या दोन्ही हातांत होता. मग भिंतीच्या कडेने पलीकडे गेले. झाडाजवळ बराच वेळ उभे. मी चुलीपाशी आले होते. "मोठीबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी…"

मी मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं.